बेळगाव ते तिरुपती, एक तास वीस मिनिटं

विमानतळावरच्या गमती लिहा, असं संपादकांनी फोनवर सांगितलं. दिवाळीत लोकांना हसायला आवडतं, हेही सांगितलं. गमती आहेत, एक-दोन सांगतोही. पण नोकरी सोडून वर्ष झालं तरी ज्याच्या आठवणीनं अजून तळहाताला घाम येतो, तो प्रकार गमतीचा नाही. तो लिहायचा नसेल तर बाकीचं लिहिण्यात मला रस नाही, असं मी त्यांना कळवलं. ते म्हणाले, लिहा.

आधी मी कोण ते सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल. आई लवकर गेली. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी असलेली आक्का विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, आणि समोर भिंतीला टेकून पुस्तक घेऊन बसलेला मी, असं आमचं घर. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण मी वाचताना थांबलो की तिला कळायचं. "का थांबलास? फुडं वाच की," म्हणायची. तिच्या बोटांवर माझी बी.एस्सी. झाली. फिजिक्स घेऊन झाली, हे मी कुठंही न विचारता सांगतो. इथंही सांगितलं.

पदवीनंतर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅचला लागलो. ओतकामाचे जड नग वजन करून ट्रकमध्ये भरायचे, कुठला नग कुठं ठेवायचा ते ठरवायचं. तीसेक वर्षं तेच केलं. मग बेळगावहून छोट्या विमानांच्या फेऱ्या वाढल्या आणि एका कंपनीला वजनाचा हिशेब कळणारा माणूस हवा होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, आता तिची विमानं इथून उडतही नाहीत. मुलाखतीला माझ्याबरोबर बसलेली सगळी पोरं माझ्या निम्म्या वयाची होती. साहेबांनी विचारलं, विमानात बसलाय का कधी? मी म्हटलं, नाही, पण ट्रक कधी उलटू दिला नाही. घेतलं त्यांनी.

माझं काम लोडशीटचं. बाहेरच्या माणसाला हे काम असतं हेच माहीत नसतं, म्हणून सांगतो. ज्यांनी बैलगाडी भरलेली पाहिली असेल त्यांना पटकन कळेल. गाडीत मागच्या बाजूला पोती जास्त झाली की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलांचे पाय जमिनीवर राहत नाहीत. पुढं जास्त झाली की सगळा भार बैलांच्या मानेवर. विमानाचंही तेच आहे, फक्त ते उलाळ झालं तर खाली रस्ता नसतो. माणसं किती, कुठल्या रांगेत, सामान किती, कुठल्या खोलीत, तेल किती, हे सगळं मांडून भार कुठं येतो ते काढायचं. कागदावर दोन रेघा असतात. भाराचा बिंदू त्या दोन रेघांच्या आत पडला पाहिजे. पडला की मी सही करायची, मग कॅप्टन सही करणार, मगच विमान हलणार.

आमचं विमान पंख्यांचं, सत्तरेक माणसांचं. त्यात माणसं मागच्या दारानं चढतात. सामानाच्या खोल्या दोन, त्यांना होल्ड म्हणतात. एक पायलटच्या पाठीमागं, दुसरी शेपटीकडं. माणसं मागून चढत असताना शेपूट खाली बसू नये म्हणून शेपटीखाली एक टेकू लावतात. पहिल्यांदा तो टेकू बघितला तेव्हा मला घरच्यासारखं वाटलं. आमच्या गल्लीतही गाडी भरताना असाच दगड लावायचे.

लोक मात्र काउंटरवर दोनच गोष्टी विचारायचे. किती लांब आणि किती वेळ. बेळगाव ते तिरुपती रस्त्यानं सातशे किलोमीटरच्या आसपास, बस घेते एक अख्खी रात्र आणि वर थोडी सकाळ. आकाशातून सरळ रेघ मारली तर पावणेसहाशे. तिकिटावर वेळ एक तास वीस मिनिटं. ती सगळी उडण्याची नसते. चाकांना लावलेले ठोकळे इथं काढल्यापासून तिथं ठोकळे लागेपर्यंतची ती वेळ. धावपट्टीपर्यंत जाणं, वळणं, थांबणं, सगळं त्यात. हे मी हजारदा समजावलं असेल.

निपाणीचे एक तंबाखूवाले शेठ एकदा धापा टाकत आले. तिकीट कोल्हापूरहून, आणि ड्रायव्हरनं गाडी आणली बेळगावला. निपाणी दोन्हीच्या मधे असल्यामुळं ही चूक तिकडच्याच लोकांकडून व्हायची, वर्षातून दोनदा तरी. मी सांगितलं, शेठ, तुमचं विमान कोल्हापुरातून अर्ध्या तासात उडेल. त्यांनी शांतपणे विचारलं की इथलं विमान कोल्हापूरवरनं वळवून नेता येईल का, कारण तिथून पुढं त्यांची जागा रिकामीच जाणार आहे. मी म्हटलं, शेठ, ही एस.टी. नव्हे. तर म्हणाले, "न्हाय कसं? एस.टी.परास लहानच दिसतंय की." शेवटी त्यांनी विचारलं, इथून कोल्हापूरला विमान गेलंच तर किती वेळ? सरळ रेघेनं शंभर किलोमीटरही नाही, पण चढायचं आणि उतरायचं यातच अर्धा तास जातो, जेमतेम सरळ होतं न होतं तोच खाली यायचं, असं सांगितल्यावर त्यांना फार बरं वाटलं. मोटारीनं जाणाऱ्यांचं फारसं काही चुकत नाही, असं पुटपुटत गेले.

वडगावचे एक विणकर दर महिन्याला साड्यांचे गठ्ठे घेऊन जायचे. गठ्ठा काट्यावर ठेवला की दोन बोटांनी खालून हलकाच उचलून धरायचे, म्हणजे काटा कमी दाखवेल. मी म्हणायचो, अण्णा, बोटं काढा, काटा मला खोटं सांगेल आणि मी कॅप्टनला. ते हसून बोटं काढायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच बोटं.

आम्ही हसायचो, पण त्या हसण्याखाली भीती असायची. पावसाळ्यात ढग इतके खाली यायचे की विमानाचा आवाज डोक्यावरून फिरायचा आणि विमान दिसायचं नाही. दोनदा प्रयत्न करून ते दुसरीकडं निघून जायचं आणि आम्ही काउंटरवर लोकांच्या शिव्या खायचो. मला शिव्यांचं काही वाटायचं नाही. मी तेवढा वेळ मनात तेलाचा हिशेब करत असायचो. तेल मी लिहिलेलं असायचं ना.

त्या दिवसाकडं येतो.

आक्काला तिरुपतीला जायचं होतं. तिच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या तेरा बायका आणि ती, अशा चौदा. वर्षानुवर्षं बसनं जायचं म्हणत होत्या, पण गुडघे बसून बसून गेलेले, रात्रभराचा प्रवास कुणालाच झेपणारा नव्हता. मी म्हटलं, विमानानं जा, माझ्या विमानानं. आक्कानं दोन महिने नाही म्हटलं. मग एक दिवस फोन आला. "दिनू, वर गेल्यावर इमान हालतंय काय रं?" मी म्हटलं, थोडं. तर म्हणाली, "थोडं म्हंजे किती ते सांग. तू सायन्सवाला हायस."

सकाळी दहालाच त्या आल्या. नवी लुगडी, केसांत अबोली, पिशव्यांत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. सगळ्या घाबरलेल्या, आणि घाबरलेल्या दिसू नये म्हणून एकमेकींना चिडवत होत्या. मी युनिफॉर्ममध्ये होतो. आक्कानं माझ्या खांद्यावरच्या पट्टीवरून एकदा बोट फिरवलं.

त्या दिवशी विमानात चौतीस प्रवासी होते, निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या. मशीननं या बायकांना सगळ्या विमानभर विखरून जागा दिल्या होत्या. आक्का म्हणाली, आमाला येकत्र बसीव. शिवाय दार मागं, टॉयलेट मागं, गुडघेवाल्या बायकांना ते सोयीचं. मी त्या चौदाहीजणींना शेवटच्या रांगांत जागा दिल्या. उरलेले वीस मधे. आता भार मागं गेला. तो परत जागेवर आणायला एकच उपाय होता: सगळं सामान पुढच्या होल्डात. मी मांडून बघितलं. बिंदू दोन्ही रेघांच्या आत, छान मधोमध पडला.

एक अडचण होती. आमच्या या फेरीला सामान रोज मागच्या होल्डात जायचं. माणसं सगळीकडं पसरलेली असली की तेच बरोबर असतं. म्हणून सामान पुढं टाकायचं असेल तर लोडिंगचा कागद काढून तो भरणाऱ्यांच्या मुकादमाच्या हातात द्यायचा, त्यानं भरून झाल्यावर त्यावर सही करायची, ती सही बघून मी लोडशीटवर सही करायची, असा नियम. आधी त्याची सही, मग माझी. मुकादम बसवराज, आमचा बसूअण्णा. हिंडलग्याचा, माझ्याच वयाचा, सहा वर्षांत एक पेटी इकडची तिकडं न झालेला माणूस. मी दोन प्रती काढल्या, एक त्याला द्यायला, एक फाइलला, दोन्ही फाइलमध्ये घातल्या आणि फाइल घेऊन त्याच्याकडं निघालो.

वाटेत आक्कानं हाक मारली.

बायका रांगेनं विमानाकडं निघाल्या होत्या. नियमानं मी त्यांच्याबरोबर जायची गरज नव्हती. पण माझी बहीण पहिल्यांदा विमानात चढत होती आणि ते मला बघायचं होतं. खरं सांगायचं तर तिनं मला बघावं, हे जास्त हवं होतं. मी त्यांच्याबरोबर चालत गेलो. शिडीजवळ गेल्यावर आक्कानं कमरेच्या पिशवीतनं एक लिंबू काढलं आणि चाकाकडं निघाली.

मी तिचा हात धरला. विमानाच्या आसपास जमिनीवर बारीक खडासुद्धा चालत नाही, पंख्याच्या वाऱ्यानं उडून काहीही होतं, हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गाडी नवी असली की चाकाखाली लिंबू ठेवत्यात. मला ही गाडी नवीच हाय की रं."

बाकीच्या तेराजणी थांबल्या. लिंबाशिवाय एकही वर चढेना. एकीनं शिडीच्या पहिल्या पायरीला हळद लावली, तिला बघून दुसरीनं. एअर होस्टेस घड्याळ दाखवायला लागली. मी आक्काला म्हटलं, लिंबू माझ्याकडं दे, तुमचं दार लागलं की मी माझ्या हातानं ठेवतो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "ठेवशील न्हवं?" मी म्हटलं, ठेवतो. लिंबू पॅंटच्या खिशात टाकलं. त्या चढल्या. एकेकीचा हात धरून चढवलं. या सगळ्यात दहा-बारा मिनिटं गेली.

तोवर सामान भरून झालं होतं. बसूअण्णा आपल्या माणसांना घेऊन लांब जाऊन उभा होता. मी लांबून हात वर केला, त्यानंही हात वर केला. रोज करायचो तसाच. मी पुढं जाऊन कॅप्टन मॅडमना लोडशीट दिली. त्यांनी विचारलं, लोडिंग या कागदाप्रमाणेच झालंय ना? मी हो म्हटलं. सही केली. त्यांनी सही केली. आत एअर होस्टेसनं माणसं मोजली: मागं चौदा, मधे वीस. कागदाशी जुळलं. टेकू निघाला, ठोकळे निघाले, पंखे फिरले. खिडकीत मला एक हात दिसला. कुणाचा ते कळलं नाही, पण मी सलाम केला.

विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळलं, पळालं आणि उठलं. मला ते जरा लवकर उठल्यासारखं वाटलं. हे मी नंतर स्वतःला सांगितलेलं असेल, आता खात्रीनं सांगता येत नाही.

ऑफिसात येऊन फाइल उघडली. आत लोडिंगच्या कागदाच्या दोन प्रती होत्या. एकच असायला हवी होती.

फाइल तशीच टेबलावर टाकून मी पळालो. बसूअण्णा सामानाच्या पट्ट्याजवळ उभा राहून चहा पीत होता. मी विचारलं, सामान कुठल्या होल्डात टाकलंस? तो त्याच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "मागं की री. रोजच्यागत. का री साहेब?"

चौदा बायका मागं, आणि चारशे किलो सामानही मागं. मी उभ्या उभ्या पट्ट्याच्या पत्र्यावर बोटानं हिशेब केला. पुन्हा केला. बिंदू मागच्या रेघेच्या बाहेर पडत होता. फार नाही, पण बाहेर. बसूअण्णाचा चेहरा माझ्या चेहऱ्याकडं बघून बदलत गेला. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

रेघेच्या बाहेर म्हणजे काय, हे सांगायला हवं. उडालं म्हणजे सुटलं, असं नसतं. वर सरळ उडताना विमान बऱ्यापैकी सांभाळून घेतं. खरी परीक्षा उतरताना. वेग कमी करायचा, पंखांचे पडदे खाली सोडायचे, नाक वर धरायचं. त्या वेळी शेपूट जड असेल तर नाक पाहिजे त्याहून वर उचलतं आणि दाबायला गेलं तर दबत नाही. आणि जमीन तेव्हा जवळ असते.

मॅनेजर साहेब आपल्या टेबलावर होते. तरुण होते, वाईट माणूस नव्हते. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, उडालं ना नीट? मी म्हटलं, उडालं. मग ते म्हणाले की रेघेच्या इतकं थोडं बाहेर असेल तर कॅप्टनला कळणारही नाही, सांगितलं तर उगाच हवेत त्यांना ताण, आणि इथं चौकशी. तुमची, माझी, त्या बसवराजची. थोडा विचार करा.

मी विचार केला, हे लपवत नाही. मला अठ्ठावन्नावं चालू होतं. चौकशी झाली तर काय लिहिलं जाईल, ते मला दिसत होतं: नातेवाइकाच्या मागं लागून कर्तव्यात कसूर. तो शब्द माझ्या नावापुढं आला तर निपाणीच्या गल्लीत आक्का काय सांगेल? विमानवाला भाऊ, म्हणून ती मला मिरवायची. मी खिशात हात घातला, तर हाताला लिंबू लागलं. ते मी मुठीत इतकं दाबलं होतं की त्याची साल फुटली होती.

टॉवरला फोन लावला. म्हटलं, नुकत्याच उडालेल्या विमानाच्या कॅप्टनला निरोप द्या. लोडशीट चुकीची आहे. सामान पुढं नाही, मागं आहे. चूक माझी आहे. शेवटचं वाक्य द्यायची गरज नव्हती, पण ते तोंडातून आलं.

तिकडून थोडा वेळ खरखर. मग टॉवरवाल्यानं कॅप्टन मॅडमचा प्रश्न सांगितला: किती आणि कुठं? मी आकडे दिले, आणि मागच्या चौदापैकी किमान दहाजणींना पहिल्या रांगांत हलवलं तर भार आत येतो, हेही सांगितलं. पुन्हा खरखर. मग, निरोप मिळाला. एवढंच. विमान लांब गेलं आणि आमच्या टॉवरच्या हद्दीतून निघालं.

घड्याळात बघितलं. ठोकळे काढून वीस मिनिटं झाली होती. उरला एक तास.

हा तास मी कुणालाही समजावून सांगू शकत नाही. हजार लोकांना मी सांगितलं होतं की बेळगाव-तिरुपती म्हणजे काय, एक तास वीस मिनिटं, चहा पिऊन होतो न होतो तोवर उतरता. खोलीतल्या भिंतीवर नकाशा होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. आता गदग. आता खाली तुंगभद्रेच्या धरणाचं पाणी असेल. आक्काला खिडकीची जागा दिली होती, ते पाणी तिला दिसत असेल. तिला हलवलं असेल का? ती हलेल का? एकत्र बसायला मागून घेतलेली जागा, अनोळखी पोरीनं ऊठ म्हटल्यावर ती सोडेल का? बसमध्ये तिला कुणी कधी उठवू शकलं नव्हतं. एकदा कंडक्टरशी भांडून तिनं संकेश्वरपर्यंत जागा सोडली नव्हती, हे मला नेमकं तेव्हा आठवलं. मी खुर्चीवर बसलो.

बसूअण्णा दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. म्हणाला, कागद माझ्याकडं आला असता तर मी पुढं टाकलं असतं री. मी म्हटलं, माहीत आहे. तो तिथंच उभा राहिला, तिरुपतीहून फोन येईपर्यंत हलला नाही.

एकच लिहायचं राहिलं, आणि ते लिहायला मला लाज वाटते. फिजिक्सवाल्या माणसाला वाटू नये ते वाटलं. लिंबू ठेवायला हवं होतं. मी नकाशासमोर बसून मनातल्या मनात आक्काला सांगत होतो, ठेवलं असतं तर बरं झालं असतं गं. पुढं लक्षात आलं, की लिंबामुळंच तर हे झालं. पण दोन्ही एकाच वेळी खरं वाटत होतं.

एक तास वीस मिनिटं झाली. फोन नाही. एक तास पंचवीस. मॅनेजर साहेबांनी तिरुपतीला फोन लावला, लागला नाही. एक तास एकतीसला टेबलावरचा फोन वाजला. तिथल्या आमच्या माणसानं रोजच्या आवाजात सांगितलं, ठोकळे लागले, चौतीस उतरले, वारा उलटा होता म्हणून उशीर.

मी फोन ठेवला नाही. साहेबांनी तो माझ्या हातातून काढून घेऊन ठेवला.

पाच मिनिटांनी कॅप्टन मॅडमचा फोन आला. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की उडताना नाक त्यांनी ओढायच्या आधीच उठलं होतं, तेव्हाच त्यांना शंका आली होती, पण कारण कळत नव्हतं. निरोप आला, बायका पुढं आल्या आणि विमान हातात आलं. मग म्हणाल्या, "कळवलंत म्हणून मी आज नीट उतरले. आधी बघितलं असतं तर कळवावंच लागलं नसतं." दोन्ही वाक्यं मी अजून विसरलेलो नाही. दुसरं जास्त.

चौकशी झाली. बसूअण्णाचं नाव कुठंही येणार नाही असं मी लिहून दिलं आणि आलं नाही. मला तीन महिने लोडशीटपासून दूर ठेवलं, पुन्हा परीक्षा घेतली. मी पास झालो. नंतर दोन वर्षं काम केलं आणि एकदाही बसूअण्णाच्या सहीचा कागद हातात आल्याशिवाय सही केली नाही. तो चिडवायचा, साहेब, अंगठा पण घेऊन ठेवा. तरी सही करून द्यायचा.

त्या उड्डाणानंतर चौथ्या दिवशी बायका परत आल्या. मी त्यांना घ्यायला बाहेर उभा होतो. आक्का माझ्याकडं आली ती मानच वर करून. तिनं सगळ्यांसमोर माझ्या गालावरून हात फिरवला आणि गल्लीतल्या बायकांना म्हणाली, "बघितलासा न्हवं? ह्यो वर न्हवता, पर ह्याचा हुकूम वर आला. इमान उडल्यावर ती पोरगी पळत आली, म्हणाली, चला फुडं, तुम्हाला फुडं बसायचंय. आमी म्हटलं, आमाला कशापायी? पर मी वळखलं. दिनूनं फोन केला आसंल. आमाला येकदम फुडं, डायवरच्या मागं बसीवलं."

ती उठेल का याची जी भीती मला एक तास पोखरत होती, तिचं उत्तर इतकं सोपं होतं. मान मिळतोय असं वाटल्यावर ती पहिली उठली होती, आणि बाकीच्या नऊजणी तिच्या मागून.

मग तिनं विचारलं, "लिंबू ठेवलास न्हवं?" मी हो म्हटलं.

ही गोष्ट तिनं निपाणीत किती जणांना सांगितली असेल, त्याची मोजदाद नाही. मी गेलो की अजून सांगते. शेजारीण आली की सांगते, नातजावई आला की सांगते. दर वेळी तिच्या गोष्टीत मी थोडा मोठा होतो. आता तर त्यात विमान मी हवेत थांबवलं होतं आणि मग बायका पुढं बसल्या होत्या. मी समोर बसून ऐकतो. एकदा खरं सांगायचं म्हणून गेलो होतो, पण ती सूप घेऊन बसली होती, बोटं आता वाकडी झाली आहेत, पान नीट वळत नव्हतं, आणि तेवढ्यात तिनं तीच गोष्ट काढली.

तिला अजूनही वाचता येत नाही. तिची नात कॉलेजात आहे, दिवाळी अंकात माझं नाव दिसलं की ती आजीला वाचून दाखवेल. हे मला माहीत आहे, म्हणूनच हे लिहिलं. आक्का, तुला पुढं बसवलं ते मानानं नव्हतं. माझ्या चुकीचा भार उचलायला तुम्हा दहाजणींना पुढं नेलं होतं. लिंबू मी ठेवलं नाही. ते माझ्या खिशात फुटलं.

पोरी, तू वाचताना इथं थांबलीस तर आजीला कळेल. थांबू नकोस. पुढं वाच.